बिनतारी जोडणीतील दोषशोधन : मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

यंत्र अडले म्हणजे दोष कोठे आहे हे पाहण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे ठरवून टाकण्याकडे मनुष्याच्या मनाची ओढ असते. ज्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स ही मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम आहे, अशा आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बाबतीत याचा प्रत्यय वारंवार येतो. वाय-फायची जोडणी होईनाशी झाली, की 'ही प्रणालीच अशी' असा निवाडा तत्काळ दिला जातो. मग कोणी सारी प्रणाली पुसून पुन्हा बसवितो, तर कोणी इतरांकडून ऐकलेल्या पाचसहा आज्ञा त्यांचा अर्थ न जाणता एकामागून एक देत सुटतो. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात केलेल्या अशा उपायांनी जोडणी सुधारली नाही, तर तेवढ्यावर निभावत नाही. जमविलेली टिपणे आणि आकडेवारीही त्यात कायमची गमावली जाण्याचा संभव असतो.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. मुंबई-पुण्याची मोठी ग्रंथालये येथून दूर आहेत आणि संशोधनविषयक नियतकालिके आता बहुतांशी संगणकाच्या द्वारेच वाचावी लागतात. यास्तव येथील अभ्यासकाच्या दृष्टीने बिनतारी जोडणी ही ग्रंथालयाकडे जाणारी वाटच होय. ती वाट पावसाळ्यात अनेक कारणांनी बंद पडते. ३ जून २०२० रोजी आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने मंडणगड व दापोली या तालुक्यांत विजेची आणि दूरसंचाराची व्यवस्था कोलमडून पडली, ती कित्येक गावांत दिवसचे दिवस पूर्ववत झाली नाही. अशा आपत्तीपुढे व्यक्तीचा इलाज चालत नाही, हे खरे. परंतु वर्षातील इतर दिवशी जी जोडणी तुटते, तिची कारणे बहुधा लहान, शोधता येण्याजोगी आणि आपल्या हातातील असतात.

ती शोधावयाची कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : बिनतारी जोडणी ही एक घटना नसून क्रमाने घडणाऱ्या सहा घटनांची साखळी आहे. यांपैकी प्रत्येक घटना आपली स्वतंत्र साक्ष मागे ठेविते. मुक्त प्रणालीचा खरा लाभ ती विनामूल्य मिळते यात नसून ही साक्ष ती कोणासही वाचू देते यात आहे. मात्र ही साक्ष जेथे संपते, अशी एक सीमाही आहे. ती कोठे आहे हेही ओळखून असावे लागते.

२. सहा पायऱ्यांची साखळी

लॅपटॉपच्या पडद्यावरील पंख्याच्या आकाराचे लहानसे चिन्ह पाहून जोडणी 'आहे' किंवा 'नाही' एवढेच कळते. वस्तुतः त्या चिन्हामागे पुढील गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. प्रथम, बिनतारी कार्ड संगणकास दिसावे लागते आणि त्याचा प्रक्षेपक चालू असावा लागतो. दुसरे, त्या कार्डास योग्य असा ड्रायव्हर व फर्मवेअर मिळावे लागते. तिसरे, राऊटरच्या लहरी कार्डापर्यंत पुरेशा बळाने पोहोचाव्या लागतात आणि ज्या चॅनेलवर त्या येतात ते ऐकण्याची कार्डास मुभा असावी लागते. चौथे, राऊटर आणि लॅपटॉप यांची परस्परांस ओळख पटावी लागते. पाचवे, लॅपटॉपला जाळ्यातील एक पत्ता मिळावा लागतो. सहावे, त्या पत्त्यावरून बाहेरच्या जगाकडे जाणारा मार्ग आणि नावांचे अंकांत रूपांतर करणारी सेवा ही दोन्ही उपलब्ध असावी लागतात.

या क्रमाचा उपयोग असा, की खालची पायरी सिद्ध झाल्याखेरीज वरच्या पायरीचा विचार करणे व्यर्थ ठरते. कार्डच बंद असताना परवलीचा शब्द दहा वेळा लिहून काही साधत नाही. उलटपक्षी, पत्ता मिळालेला असेल तर ड्रायव्हर बदलण्याचे कारण उरत नाही; कारण पहिल्या चार पायऱ्या पार पडल्याचा तो पत्ता हाच पुरावा होय.

३. कार्ड व त्याचा प्रक्षेपक

पहिल्या पायरीवर दोन आज्ञा पुरतात. 'एल-एस-पी-सी-आय' ही आज्ञा संगणकाच्या अंतर्गत जोडलेल्या साधनांची यादी देते. बाहेरून लावलेल्या कार्डासाठी 'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा आहे. या यादीत कार्डाचे नावच नसेल तर दोष यंत्राचा, निदान त्याच्या खाचेतील बसणीचा, असण्याचा संभव अधिक. आपल्याकडील दमट व खाऱ्या हवेत जुन्या लॅपटॉपची धातूची टोके गंजतात, हे येथे आठवावे.

कार्ड यादीत असूनही मुके असेल तर 'आर-एफ-किल लिस्ट' ही आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरात दोन प्रकारचे अटकाव दिसतात. 'सॉफ्ट' अटकाव हा प्रणालीने घातलेला असतो आणि 'आर-एफ-किल अनब्लॉक वाय-फाय' या आज्ञेने तो उठतो. 'हार्ड' अटकाव मात्र लॅपटॉपच्या कडेचा खटका किंवा कळफलकावरील विशिष्ट कळ यांमुळे पडतो व तो कोणत्याही आज्ञेने उठत नाही. लॅपटॉप पिशवीतून काढताना हा खटका नकळत सरकतो, आणि त्यापायी संपूर्ण प्रणाली पुन्हा बसविण्याचा खटाटोप केला जातो.

ज्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी नांदतात, तेथे आणखी एक शक्यता तपासावी. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे यंत्र बंद केले तरी ते पूर्णपणे बंद होत नाही. त्याची अवस्था जतन केली जाते. अशा अर्धवट अवस्थेत सोडलेले कार्ड लिनक्सला नीट जागे करता येत नाही. ती सोय काढून टाकून लॅपटॉप एकदा पूर्णपणे बंद केला म्हणजे हा दोष नाहीसा होतो.

४. ड्रायव्हर, फर्मवेअर आणि मुक्ततेची सीमा

कार्ड दिसते, अटकाव नाही, तरीही जाळ्यांची यादी रिकामीच, अशा वेळी दुसऱ्या पायरीकडे वळावे. ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्याचा भाग असून तो संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर चालतो. फर्मवेअर ही त्याहून निराळी गोष्ट होय. प्रत्यक्ष कार्डावर जो लहानसा प्रक्रियक असतो, त्यास पुरविण्याचा हा आज्ञासंच आहे. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर तो चकतीवरून उचलून कार्डात घालतो. फर्मवेअरची फाइल जागेवर नसेल तर उत्तम ड्रायव्हरही निरुपयोगी ठरतो.

हे ताडून पाहण्यासाठी 'डी-मेसेज' ही आज्ञा आहे. गाभ्याने यंत्र सुरू झाल्यापासून नोंदविलेले सारे संदेश ती दाखविते. त्यांत फर्मवेअर उचलता आले नाही असे वाक्य असून शेवटी 'उणे २' हा अंक असेल, तर त्याचा अर्थ अगदी निश्चित आहे : त्या नावाची फाइल अस्तित्वात नाही. त्याच ठिकाणी 'उणे ११०' असेल तर फाइल आहे, परंतु कार्डाने ठरलेल्या वेळात उत्तर दिले नाही. पहिल्या बाबतीत फर्मवेअरचा संच बसविणे हा उपाय, तर दुसऱ्या बाबतीत यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणे अथवा कार्डाची बसणी तपासणे हा उपाय. दोन अंकांतील एवढा फरक वाचता आला, तर अर्ध्या दिवसाचे श्रम वाचतात.

आता असा प्रश्न उद्भवेल, की जी प्रणाली स्वतःस मुक्त म्हणविते तिच्यात फर्मवेअर मुळातच का नसावे? याचे उत्तर इतिहासात आहे. लिनक्सचा गाभा १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाला. वाय-फायचे मूळ प्रमाणक १९९७ सालचे. बिनतारी कार्डे सर्रास वापरात आली तेव्हा त्यांच्या बहुतेक निर्मात्यांनी ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी दिले आणि कार्डाच्या अंतर्गत रचनेची माहिती गुप्त ठेविली. तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये कसाबसा चालविणारे साधन वापरणे, किंवा कार्डाचे वर्तन बाहेरून न्याहाळून त्यावरून ड्रायव्हर रचणे, हे दोनच मार्ग मोकळे होते. ब्रॉडकॉम कंपनीच्या कित्येक कार्डांसाठी स्वयंसेवकांनी दुसरा मार्ग अवलंबिला. तथापि फर्मवेअर वाटण्याचा अधिकार त्यांस नव्हता. त्यामुळे वापरणाऱ्यास ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून स्वतः कापून काढावे लागे. पुढे २००७ साली बिनतारी ड्रायव्हरांसाठी एक सामाईक चौकट गाभ्यात समाविष्ट झाली, २००८ साली एथेरॉस कंपनीने आपल्या नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला आणि २०१० साली ब्रॉडकॉमनेही तोच मार्ग धरला.

ड्रायव्हर याप्रमाणे मुक्त झाले. फर्मवेअर मात्र बहुतांशी बंदिस्तच राहिले. कंपन्या ते वाटू देतात, परंतु त्याची मूळ संहिता देत नाहीत. म्हणूनच तत्त्वनिष्ठ अशा डेबियन प्रकल्पाने ते आपल्या अधिकृत प्रतिष्ठापन-संचाबाहेर ठेविले होते. परिणामी बिनतारी कार्डाचे फर्मवेअर आणावयाचे तर जाळे हवे आणि जाळे हवे तर फर्मवेअर हवे, अशा चक्रात नवखा मनुष्य सापडे. २०२२ साली झालेल्या मतदानानंतर डेबियनने हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत संचात अंतर्भूत केले. जुन्या संचावरून प्रणाली बसविणाऱ्यास आजही त्या चक्रातून जावे लागते. त्यातून सुटण्याचा सोपा मार्ग असा, की मोबाइल फोन तारेने लॅपटॉपला जोडून त्यावरील 'यू-एस-बी टेथरिंग' सुरू करावे. या जोडणीस बिनतारी कार्डाची गरजच लागत नाही.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही. ड्रायव्हरमध्ये दोष असेल तर तो वाचता येतो, त्याची चर्चा होते, आणि पुढील आवृत्तीत तो दुरुस्त झालेलाही दिसतो. फर्मवेअरमध्ये दोष असेल तर 'कार्डाने उत्तर दिले नाही' यापलीकडे काही कळत नाही. मुक्ततेची सीमा ती हीच. तिच्या अलीकडे तर्काने शोध घ्यावा. पलीकडे निर्मात्याने दिलेली नवी किंवा जुनी आवृत्ती बसवून पाहणे एवढेच हाती उरते.

५. लहरी, भिंती आणि नियम

तिसरी पायरी पदार्थविज्ञानाची आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. अधिक कंप्रतेच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, परंतु भिंतीतून जाताना सामान्यतः अधिक क्षीण होतात. आता आपल्याकडील जुने घर डोळ्यांपुढे आणावे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, राऊटर ओटीवर आणि विद्यार्थी माजघरापलीकडच्या खोलीत! जांभा हा सच्छिद्र दगड असल्यामुळे तो पाणी धरून ठेवतो. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत कोसळतो. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा या लहरी अधिक शोषून घेते. त्यात झडीसाठी पडवीस पत्रे लावलेले असतील, तर धातूवरून लहरी परावर्तित होऊन त्यांची वाट आणखी अडते. मे महिन्यात चालणारी जोडणी जुलैत मंद होते याचे कारण प्रणालीच्या नव्या आवृत्तीत शोधण्यापूर्वी भिंतीत शोधावे, ते यासाठी.

हा तर्क मोजमापाने पडताळता येतो. 'आय-डब्ल्यू डेव्ह' या आज्ञेने कार्डाचे नाव समजते आणि त्या नावासह 'लिंक' हा शब्द जोडून तीच आज्ञा दिली, की येणाऱ्या लहरींचे बल डी-बी-एममध्ये मिळते. हा आकडा ऋण असतो. उणे ५० हे उत्तम, उणे ७० हे जेमतेम, तर उणे ८० च्या खाली जोडणी टिकणे दुरापास्त, असे स्थूलमानाने समजावे. हे माप लघुगणकीय आहे याचा विसर पडू नये. उणे ५० आणि उणे ७० यांतील अंतर २० वाटले, तरी प्रत्यक्ष शक्ती शंभर पटींनी कमी झालेली असते. राऊटरशेजारी बसून एकदा आणि नेहमीच्या जागी बसून एकदा असे मोजले, की भिंतीचा हिशेब वेगळा निघतो. दोष भिंतीचा ठरला तर राऊटर हलविणे, किंवा ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ पट्टा निवडणे, हे उपाय कोणत्याही आज्ञेपेक्षा गुणकारी होत.

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात दुसरी अडचण गर्दीची आहे. त्यातील चॅनेले ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आखलेली असून प्रत्येकाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ असल्याने शेजारची चॅनेले एकमेकांवर आक्रमण करतात. १, ६ आणि ११ ही तीनच परस्परांपासून पुरेशी अलग आहेत. वसतिगृहात दहा खोल्यांचे दहा राऊटर असतील, तर त्यांनी या तिहींपैकी एकेक घ्यावे, हे सर्वांच्याच हिताचे ठरते. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात गोंगाट करते. यू-एस-बी ३ च्या खाचेत लावलेली बाह्य चकतीही तसाच गोंगाट उत्पन्न करिते. आकडेवारीची प्रत काढावयास घेतली की जोडणी तुटते, अशी तक्रार असेल तर चकती लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूस लांब तारेने लावून पाहावी.

याच पायरीवर कायद्याचाही संबंध येतो. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत भागासही तीच सवलत दिली. त्यानुसार आपल्याकडे १ ते १३ ही चॅनेले वापरता येतात. अमेरिकेत मात्र व्यवहारात ११ पर्यंतचीच चॅनेले चालतात. एखाद्या कार्डावर अमेरिकेचा नियम कोरलेला असेल, तर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवरील राऊटर त्यास ऐकूच येत नाही. मित्राच्या मोबाइलवर जाळ्याचे नाव दिसते, आपल्या लॅपटॉपवर मात्र ते मुळीच उमटत नाही, या चमत्कारिक वाटणाऱ्या अनुभवाचे हे एक कारण होय. 'आय-डब्ल्यू रेग गेट' या आज्ञेने कार्ड कोणत्या देशाचा नियम पाळीत आहे हे समजते. राऊटरचे चॅनेल ११ च्या आत आणणे, हा यावर सर्वांत सरळ तोडगा आहे.

६. ओळख पटविण्यातील दोष

जाळ्याचे नाव दिसते, बलही पुरेसे आहे, तरी जोडणी होत नाही, ही चौथी पायरी. येथील साक्ष 'जर्नल-सी-टी-एल' या आज्ञेने मिळते. ओळख पटविण्याचे काम 'डब्ल्यू-पी-ए सप्लिकंट' या नावाचा कार्यक्रम करितो व नेटवर्क-मॅनेजर त्याजवर देखरेख ठेवितो. दोघांच्याही नोंदी या दप्तरात सापडतात. त्यांत जोडणी तुटल्याच्या प्रत्येक प्रसंगी कारणाचा एक क्रमांक लिहिलेला असतो. १५ हा क्रमांक किल्ल्यांची चौपदरी देवाणघेवाण वेळेत पुरी न झाल्याचा निदर्शक असून, बहुधा परवलीचा शब्द चुकल्याचे तो सुचवितो. क्रमांकासोबत 'लोकली जनरेटेड' असे शब्द असतील, तर जोडणी राऊटरने तोडलेली नसून आपल्याच लॅपटॉपने तोडलेली आहे असे निश्चित समजावे. कोणी तोडली हा वाद या एका नोंदीने मिटतो.

विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या जाळ्यांत प्रत्येकास वेगळे नाव व वेगळा परवलीचा शब्द देण्याची पद्धत असते. अशा जाळ्यात सर्व्हरनेही आपले प्रमाणपत्र दाखवून स्वतःची ओळख पटवावयाची असते. येथे दोन दोष विशेष आढळतात. पहिला घड्याळाचा. जुन्या लॅपटॉपच्या मुख्य फलकावरील लहान बॅटरी संपली, की यंत्र बंद होताच त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे प्रमाणपत्र 'अद्याप लागू न झालेले' ठरते आणि लॅपटॉप ते नाकारतो. जाळ्यावरून वेळ जुळविता आली असती, पण जाळेच मिळत नाही! तारीख हाताने दुरुस्त करावी, हा यावरील तात्पुरता उपाय. बॅटरी बदलणे हा कायमचा.

दुसरा दोष अलीकडचा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपन-एस-एस-एल ३ या गूढलेखन-संचाने जुन्या व असुरक्षित ठरलेल्या काही पद्धती आपणहून बंद केल्या. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटूच्या आवृत्तीत हा संच समाविष्ट झाला आणि ठिकठिकाणच्या शिक्षणसंस्थांतील जुन्या सर्व्हरशी कालपर्यंत जुळणारी जोडणी एकाएकी नाकारली जाऊ लागली. लॅपटॉप बिघडला अशी सर्वांची समजूत झाली. वस्तुतः तो अधिक सावध झाला होता. विशिष्ट जोडणीपुरती जुनी पद्धत पुन्हा चालू करता येते, परंतु सर्व्हर अद्ययावत करणे हाच त्यावरील खरा उपाय होय. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याने जोडणी होते खरी, पण त्याच नावाचे खोटे जाळे उभारून कोणीही आपला परवलीचा शब्द हस्तगत करू शकतो. प्राध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांपासून टपालापर्यंत सर्व काही ज्या शब्दावर अवलंबून आहे, तो असा उघडा टाकू नये.

७. पत्ता, मार्ग आणि नाव

ओळख पटल्यावर लॅपटॉप पत्त्याची मागणी करितो. मागणीस उत्तर आले नाही, तर नेटवर्क-मॅनेजर साधारणतः ४५ सेकंद वाट पाहून जोडणी सोडून देतो. वापरणाऱ्यास हे परवलीचा शब्द चुकल्यासारखेच दिसते. फरक केवळ नोंदी वाचल्याने कळतो. वसतिगृहातील राऊटरजवळ वाटण्यासारखे पत्तेच संपले असतील, तर शेवटी येणाऱ्यास ते मिळत नाहीत. ज्या विभागांत कार्डांच्या क्रमांकांची नोंद करून मगच प्रवेश दिला जातो, तेथे लॅपटॉपची 'दर वेळी नवा क्रमांक घेण्याची' खासगीपणाची सोय चालू असेल तर प्रवेश नाकारला जातो.

पत्ता मिळाल्यावर 'पिंग' या आज्ञेने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. राऊटरचा पत्ता उत्तर देतो काय? बाहेरच्या जगातील अंकरूप पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८, उत्तर देतो काय? एखादे नाव उत्तर देते काय? पहिला प्रश्न फसला तर दोष खोलीतच आहे. दुसरा फसला तर राऊटरच्या पलीकडे, बहुधा सेवा पुरविणाऱ्याकडे किंवा तुटलेल्या तारेत. पहिले दोन साधून तिसरा फसला तर नावांचे अंकांत रूपांतर करणारी डी-एन-एस सेवा तेवढी बिघडलेली आहे. काही संस्थांची जाळी 'पिंग'ला मुद्दाम उत्तर देत नाहीत; यास्तव नकारात्मक उत्तरावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी शेजारच्या चालू लॅपटॉपवर तीच परीक्षा करून पाहावी.

संशोधकांच्या लॅपटॉपवर हमखास आढळणारी आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी. गणनाच्या कामासाठी अनेकजण 'डॉकर' हे साधन वापरतात. ते लॅपटॉपच्या आत एक खासगी जाळे निर्माण करते व त्यास प्रायः १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते देते. संस्थेच्या जाळ्यातही हेच पत्ते असतील, तर बाहेर जावयाचे संदेश लॅपटॉपच्या आतच फिरत राहतात. बाहेरचे सर्व काही चालते, मात्र संस्थेचे प्रवेशपृष्ठ तेवढे उघडत नाही, असे या दोषाचे लक्षण. 'आय-पी रूट' ही आज्ञा मार्गांची यादी दाखविते. तीत एकच पत्ता दोन ठिकाणी दिसला की निदान झाले.

८. अधूनमधून तुटणारी जोडणी

सर्वांत त्रासदायक दोष तो, जो बोलावल्यावर येत नाही. दर पाचदहा मिनिटांनी तुटणाऱ्या जोडणीचे एक नेहमीचे कारण वीज वाचविण्याची सोय हे असते. काम नसताना कार्ड क्षणभर निद्रिस्त होते आणि काही राऊटरांशी त्याचा मेळ बसत नाही. नेटवर्क-मॅनेजरच्या व्यवस्थापत्रात 'वाय-फाय पॉवर-सेव्ह' यापुढे २ हा अंक लिहिल्यास ही सोय बंद होते. बॅटरी थोडी लवकर संपेल, एवढीच त्याची किंमत. प्रणाली अद्ययावत केल्यानंतरच दोष उद्भवला असेल, तर यंत्र सुरू होतानाच्या यादीतून गाभ्याची आधीची आवृत्ती निवडून पाहावी. बहुतेक वितरणे ती जपून ठेवितात. तीत जोडणी टिकली, तर दोष नव्या आवृत्तीत आहे हे सिद्ध होते.

यंत्र की प्रणाली, हा संशय कायमच राहिला तर पेनड्राइव्हवरून चालणारी दुसरी एखादी लिनक्स आवृत्ती सुरू करावी. तीत मूळ चकतीस हात न लावता परीक्षा घेता येते. तेथे जोडणी नीट झाली, तर कार्ड निर्दोष असून दोष आपल्या व्यवस्थेत आहे, असे बहुतांशी खात्रीने म्हणता येईल. प्रणाली पुसून पुन्हा बसविण्याचा विचार या परीक्षेपूर्वी कोणीही करू नये.

९. शोधाची शिस्त

वरील विवेचनातून निघणारे नियम मोजकेच आहेत. खालून वर जावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच दुसरा करावा. तीन बदल एकदम केले तर जोडणी सुधारूनही कशाने सुधारली हे अज्ञातच राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी ती काय करते हे वाचावे. प्रत्येक आज्ञेची माहिती 'मॅन' या आज्ञेने लॅपटॉपवरच मिळते व तिला जाळ्याची गरज नसते. ज्यांना आज्ञांची भीती वाटते त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सविषयक पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. आणि कोणताही बदल करण्यापूर्वी प्रबंधाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, हे सांगावयास नकोच.

याला जोडून एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक विभागाने एक साधी नोंदवही ठेवावी : तारीख, कार्डाचे नाव, गाभ्याची आवृत्ती, लक्षण, नोंदीत आढळलेला क्रमांक आणि अखेरीस ठरलेले कारण. दोन पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या, की भिंतीचे दोष किती, सर्व्हरचे किती आणि प्रणालीचे किती, हे कोणाच्या मतावर अवलंबून राहणार नाही. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांस जी निरीक्षणाची शिस्त शिकवितो, ती त्यांच्या मांडीवरील यंत्रास लागू पडत नाही असे मानण्याचे काही कारण नाही.

मुक्त प्रणाली निर्दोष आहे असा दावा येथे केलेला नाही. तिच्या नोंदी इंग्रजीत असतात, तुटक असतात आणि प्रथमदर्शनी वाचणाऱ्यास घाबरवितात. परंतु त्या खुल्या असतात, आणि दोषाचे नाव, वेळ व बहुधा त्याचे कारणही त्यांत लिहिलेले असते. 'जोडणी होत नाही' असे म्हणत येणारा विद्यार्थी यापुढे 'पत्ता मिळतो, पण नावाचे उत्तर येत नाही' असे म्हणत आला, तर निम्मे काम त्याने स्वतःच केलेले असेल आणि प्रस्तुत लेखाचा हेतूही सफल झाला असे म्हणता येईल.